तांदळाएवढा ठिपका

लॅपटॉप त्या दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा मी त्याला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आधी पंखा घरघरायला लागायचा, मग बूड इतकं तापायचं की त्यावर पापड भाजून निघावा, आणि मग काही न सांगता स्क्रीन काळी. मी टेबलावर हात आपटला.

"काय झालं गं?" आत स्वयंपाकघरातून आत्यांनी विचारलं.

"काही नाही."

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य हेच होतं. कधी त्या म्हणायच्या, कधी मी.

आमच्याकडं कराडला सासूला आत्या म्हणतात. माझा नवरा संग्राम काविळीचं निमित्त होऊन गेला, त्यानंतर त्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो. दोघी विधवा. आत्या तर संग्राम पाळण्यात होता तेव्हापासून. त्यांनी शिलाई मशीनवर त्याला वाढवला, शिकवला, त्याचं लग्न करून मला घरात आणलं, आणि तोच गेला. त्यानंतर आम्ही एकमेकींशी भांडलो नाही, हे खरं. पण भांडायला तरी बोलावं लागतं. त्या दिवेलागणीला जेवून आपल्या खोलीत बारीक आवाजात मालिका लावायच्या, मी टेबलावर काम करता करता एका हातानं जेवायचे. मी घरबसल्या बिल्डर लोकांना बंगल्यांचे नकाशे काढून द्यायचे. त्यामुळं दिवसभर माझ्याशी बोलणारा एकच आवाज होता, त्या लॅपटॉपच्या पंख्याचा. कधी कधी मंडईतून येताना रिक्षावाल्याला मी उगाच लांबचा रस्ता समजावून सांगायचे. तेवढंच तोंड उघडायचं.

तर त्या रविवारची गोष्ट. आता तिला पुष्कळ वर्षं झाली. संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमी यायची होती, म्हणजे ऐन हळदीकुंकवाचे दिवस. पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसनं मला परीक्षा म्हणून एका बंगल्याचा आराखडा पाठवला होता. त्याचं थ्रीडी चित्र करून सोमवारी सकाळपर्यंत पाठवायचं. पसंत पडलं तर नोकरी. नोकरी म्हणजे पुणं, आणि पुणं म्हणजे त्या घराच्या बाहेर. मला ती नोकरी इतकी हवी होती की आदल्या आठवड्यात मी सिद्धिविनायकापासून खंडोबापर्यंत सगळ्यांना वेठीला धरलं होतं. आत्यांना मात्र त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. चित्र तयार व्हायला लॅपटॉप तीन-चार तास सलग चालायला हवा होता आणि तो अर्धा तास धड चालेना.

स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्यानं शुक्रवारीच सांगितलं होतं, "मॅडम, आतली पेस्ट वाळली असणार. प्रोसेसरची उष्णता ओढून घ्यायला वर लावतात ना, ती. ठेवून जा, गुरुवारी देतो."

गुरुवारी मी काय करणार होते, लोणचं? तेव्हा मी ती पेस्ट पुण्याहून कुरिअरनं मागवली. इंजेक्शनसारखी नळी होती, आत राखाडी रंगाचं दाट काहीतरी. शिवाय मोबाइलच्या दुकानातून बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणला. फोनवर एका पोराचा व्हिडिओ होता. तो इतक्या झटपट लॅपटॉप उघडत होता की वाटावं, शेंगा सोलतोय. बघून मला धीर आला.

टेबलावर जुनी चादर अंथरली, स्क्रू ठेवायला स्टीलची ताटली घेतली, तोच दारात कदमकाकू. आमच्या शेजारच्या.

"सिंधूवहिनी, खुर्च्या देता का हो तुमच्या? आज आमच्याकडं हळदीकुंकू हाय. बायका लई व्हायच्यात."

"न्या की," आत्या म्हणाल्या. "मागल्या दारात हायत. धुवून ठेवल्यात."

कदमकाकूंनी माझ्याकडं बघितलं, जरा ओशाळं हसल्या. "काम चाललंय व्हय वृषालीचं? चालू द्या, चालू द्या."

काकूंचा मुलगा मागल्या दारातल्या चारही खुर्च्या घेऊन गेला. खुर्च्या चालत होत्या, आम्ही दोघी चालत नव्हतो. कदमकाकू वाईट नव्हत्या. आमच्या दुखण्याखुपण्याला धावून यायच्या. पण कॉलनीत हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरणाऱ्या पोरी आमच्या फाटकापाशी आल्या की पावलं उचलून पुढं जायच्या, आणि ते बघायला लागू नये म्हणून मी त्या दिवसांत पुढची खिडकी लावून घ्यायचे. आत्या मात्र लावत नसत. त्या खिडकीतच तांदूळ निवडत बसायच्या. मला त्याचाही राग यायचा.

रागाचं म्हणाल तर एक जुनी गोष्ट माझ्या मनात होती. संग्राम गेल्यावर महिन्यानं मला बँकेत जायचं होतं. सवयीनं कपाळाला लहानशी मरून टिकली लावली आणि बाहेर आले. आत्यांनी एकदा बघितलं आणि तोंड फिरवून आत गेल्या. शब्द नाही काढला. मी रिक्षात बसल्यावर ती टिकली काढली आणि रिक्षाच्याच दांडीला चिकटवून टाकली. त्यानंतर आमच्या घरात टिकल्यांचं पाकीट आलं नाही.

दुसरी गोष्ट खंडेनवमीची. आत्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातलं यच्चयावत हत्यार पुजायच्या. शिलाई मशीन, विळी, कात्री, खुरपं, संग्रामची गंजत पडलेली मोटारसायकल. मिक्सरलासुद्धा हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. माझ्या लॅपटॉपला तेवढं काही नसायचं. पहिल्या वर्षी मीच म्हणाले होते, "याला काही लावू नका हं, बिघडेल." पण पुढं दरवर्षी फूल डोक्यावर घेऊन मिरवणारा मिक्सर बघितला की मला वाटायचं, घर ज्याच्यावर चालतं ते हत्यार काय मिक्सरपेक्षा हलकं? पण बोलून दाखवलं नाही. आमच्यात बोलून दाखवायची पद्धतच राहिली नव्हती.

असो. मी लॅपटॉप पालथा घातला. एकेक स्क्रू काढून ताटलीत ठेवला. जुन्या एटीएम कार्डानं कडेकडेनं झाकण उचकटलं. कट्, कट् असा आवाज यायला लागला.

"मोडलं का काय?" आत्या कधी येऊन मागं उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही.

"नाही. असंच निघतं ते."

झाकण निघालं. आणि मी बघतच राहिले.

व्हिडिओतल्या पोराच्या लॅपटॉपमध्ये पंख्यावर राखाडी धूळ होती. माझ्या पंख्यावर लाल आणि पिवळं होतं. तांब्याच्या नळीच्या टोकाला जी बारीक पात्यांची जाळी असते, जिच्यातून गरम हवा बाहेर पडते, ती जाळी लाल पिवळ्या राड्यानं लिंपल्यासारखी बुजली होती. झेंडूची वाळकी पाकळी मधे अडकली होती. मी पंखा बोटानं हलवला, तर त्याच्या पात्यांमधून तांदळाचे दाणे टपटप चादरीवर पडले. अक्षता.

मी मागं वळून बघितलं. आत्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

"हे तुम्ही केलंत?"

त्यांनी वाकून चादरीवरचा एक दाणा उचलला.

"आत्या, हे तुम्ही घातलंत आत?"

"आत न्हाय घातलं," त्या पुटपुटल्या. "भायेरनं लावलं."

माझं डोकं तडकलं. गेल्या काही दिवसांतल्या सगळ्या गोष्टी माझ्या मनात एका क्षणात जुळल्या, आणि चुकीच्याच जुळल्या. "मी फोनवर बोलत होते ते तुम्ही ऐकलंत ना? पुण्याच्या नोकरीचं? मी जाणार हे कळलं तुम्हाला. म्हणून केलंत हे?"

"काय केलं?"

"मशीन बिघडवलंत! मी इथून हलू नये म्हणून!"

आत्यांनी तोंडावरचा पदर काढला. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"बिघडवायचं आसतं तर कुंकू घातलं आसतं व्हय गं मी? तांब्याभर पाणी न्हाय का ओतलं?"

खरंच, पाणी सोपं होतं.

"मग कशासाठी?"

"खंडेनवमीचं लावलं. दरसाली लावते. तू सकाळी आंघुळीला गेलीस की." त्या खाटेच्या कडेवर बसल्या. "तूच म्हणली हुतीस, ह्याला काय लावू नका. म्हणलं, वर लावलं तर हिला दिसंल. मग पालथं घालून पोटाला लावलं. तिथं बारकी बारकी भोकं हायत, त्यातनं जरा आत सोडायची चिमूट, आन् भायेरचं पदरानं पुसून टाकायचं. मला काय ठावं आत पंखा हाय. म्हणलं, देवाचं देवाला पोचंल."

मी चादरीवरच्या अक्षतांकडं बघत बसले. दरसालचं कुंकू ते. वरचा थर तांबडा होता, आतला काळपट झाला होता. मिक्सरचा हेवा करत मी एवढी वर्षं घालवली आणि माझ्या हत्याराची पूजा मिक्सरपेक्षा जास्त झाली होती.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"तू बोलत कुठं हुतीस माझ्यासंगं."

"तुम्ही तरी कुठं बोलत होता?"

"न्हाय बोलत," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "दुरुस्त हुईल का गं हे? उद्या द्यायचंय न्हवं तुला?"

म्हणजे फोन त्यांनी ऐकला होता. उद्याची मुदतसुद्धा त्यांना माहीत होती. मी जाणार आहे हे माहीत असून त्या माझ्यामागं उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा घोर मशीन चालेल की काय याचा नव्हता. चालणार नाही की काय, याचा होता. मला ते दिसलं, पण नीट कळलं नाही. माझं सगळं लक्ष मशीनकडं होतं.

"बघू," मी म्हणाले. "जुना दातांचा ब्रश आहे का?"

त्या लगबगीनं उठल्या. ब्रश आणला, कापूस आणला, मागं मला इंजेक्शनं घ्यावी लागली होती त्या वेळचं उरलेलं स्पिरिट आणलं. मी पंखा सोडवला. आत्या खाली बसून जाळी घासायला लागल्या. पडलेलं कुंकू त्या फुंकरून टाकत नव्हत्या, एका कागदावर गोळा करत होत्या. शेजारी बायका जमायला लागल्या होत्या. बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी कुणाला नाव घ्यायचा आग्रह करत होतं, हसण्याचा आवाज आमच्या घरात येत होता. आत्यांनी उठून खिडकी लावून घेतली. तसं त्यांना करताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मी प्रोसेसरवरची तांब्याची पट्टी उचलली. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसत गेले तशी खाली चकचकीत काळी चौकोनी चकती निघाली, करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. सगळा बंगला, त्याचा जिना, गच्ची, अंगणातलं झाड, हे सगळं ती एवढीशी चकती करत होती.

आता नवी पेस्ट. व्हिडिओतला पोरगा बजावून सांगत होता, तांदळाच्या दाण्याएवढीच, मधोमध, जास्त झाली तर बाहेर येईल, कमी झाली तर तापेल. मी नळी हातात घेतली. दोनदा नळी टेकवली आणि दोनदा उचलली.

"काय करायचंय?" आत्यांनी विचारलं.

"इथं मधोमध ठिपका द्यायचाय. तांदळाएवढा."

"आण हिकडं."

मी नळी दिली. आत्यांनी चष्मा सारखा केला, श्वास धरला, आणि एवढासा राखाडी ठिपका त्या काळ्या चकतीच्या अगदी मधोमध ठेवला. मग मान मागं नेऊन एका डोळ्यानं बघितला.

"वाकडा न्हाय न्हवं लागला?"

"नाही. बरोबर आहे."

"कपाळावर लावल्यागत दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि म्हटल्यावर नळीचं टोपण शोधायला लागल्या.

पट्टी बसवली, पंखा बसवला, ताटलीतले स्क्रू एकेक करून परत लावले. एक स्क्रू उरला. तो कुठला ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. मी लॅपटॉप सुलटा केला आणि बटण दाबलं.

काही नाही. काळी स्क्रीन. आत्यांनी माझं मनगट धरलं. मी मनात म्हणाले, गेलं. नोकरी गेली, पुणं गेलं, आता ही खिडकी आणि हे तांदूळ. मग बारीकसा उजेड आला आणि पंखा फिरायला लागला. फिरला, पण आवाज नाही. इतक्या वर्षांची घरघर गेली होती. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की शेजारच्या घरात कुणीतरी चमचा पाडला तो ऐकू आला.

मी बंगल्याचं काम लावून दिलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात टक्क्यांचा आकडा चढायला लागला. मघापर्यंत ज्या आकड्याला बंद पडायचा तो आला आणि मागं पडला. आत्या खाटेवर, मी खुर्चीवर, माझी एकच उरलेली खुर्ची. दोघी त्या आकड्याकडं बघत होतो. दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तसं.

"देवाला काय मागत होतात?" मी विचारलं. "माझ्या लॅपटॉपला लावताना?"

"मागितल्यालं सांगत्यात व्हय."

"सांगा की."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग शिलाई मशीनकडं बघत म्हणाल्या, "संग्रामचं वडील गेलं, त्या साली खंडेनवमीला मी मशीनला कुंकू लावाया गेले, तर सासूनं हात धरला. म्हणली, तुझ्या हातचं नको. दरसाली दुसरीच कोण तरी लावायची. माझं मशीन, मी शिवायची, आन् कुंकू दुसरीनं लावायचं. सासू गेली तवापासनं मी लावाया लागले. पर तवर माझं सगळं हितंच सरलं हुतं. ते मशीन लोखंडाचं. उचलून कुठं नेणार? ते हितं, म्हणून मी हितं." त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला, तापलाय का बघावा तसा. "तुझं मशीन पिशवीत घालून नेता येतं. म्हणलं, देवा, मला कपाळाला लावाया येत न्हाय हिच्या. हत्याराला लावते. हे हत्यार हिला हितनं घिऊन जाऊ दे."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. आत्यांनी डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही, तसल्या त्या नव्हत्याच. उठून चहा ठेवायला गेल्या. कदमकाकूंचा मुलगा खुर्च्या परत घेऊन आला तेव्हा आकडा शेवटाला पोचला होता.

नोकरी लागली. मी आत्यांना पुष्कळ म्हणाले, चला माझ्याबरोबर. त्या म्हणाल्या, "मशीन कोण बगंल?" निघायच्या दिवशी मी रिक्षा आणायला कोपऱ्यावर गेले तेव्हा त्यांनी माझी लॅपटॉपची पिशवी उघडून पुन्हा बंद केल्याचं मला चेनवरून कळलं. वाटलं, चटणीची पुडी घातली असेल.

पुण्यात एका खोलीत आम्ही पाचजणी राहत होतो. पहिल्याच संध्याकाळी मी कॉटवर बसून लॅपटॉप काढला आणि सवयीनं तापलाय का बघायला पालथा घातला. जाळीपासून लांब, कोऱ्या जागेवर, एक मरून टिकली चिकटवलेली होती. कुंकू आत जातं म्हणून टिकली. बाजारातली, पाकिटातली, नवी. जी बाई चाळीस वर्षांत बांगड्या-टिकल्यांच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, ती कधीतरी दुपारची एकटी जाऊन तिथं उभी राहिली असणार. दुकानदारानं विचारलं असणार, कुणासाठी? त्यांनी काय सांगितलं असेल, ते मी अजून विचारलेलं नाही.

रात्रभर ती टिकली तिथंच होती. सकाळी ऑफिसला निघताना मी ती नखानं अलगद सोडवली आणि आरशात न बघताच कपाळाला लावली. रोज संध्याकाळी काढून लॅपटॉपच्या बुडाला चिकटवायची, रोज सकाळी लावायची, असा तिचा डिंक संपेपर्यंत क्रम चालला.

महिनाअखेरीला मी टिकली लावूनच कराडला गेले. फाटक उघडताना माझं धाडस गळालं होतं. टिकली काढावी का, असंही वाटलं. हात कपाळापर्यंत नेला आणि तेवढ्यात आत्यांनी दार उघडलं. त्यांची नजर थेट कपाळावर गेली. शेजारच्या दारातून कदमकाकू बघत होत्या. मी तशीच उभी राहिले. आता या तोंड फिरवून आत जातील, मला वाटलं.

"वाकडी लागलीया," आत्या म्हणाल्या.

आणि मला उंबऱ्यापाशी थांबवून, करंगळीजवळच्या बोटानं त्यांनी ती टिकली सरळ केली, मधोमध आणली, आणि बोट थोडा वेळ तिथंच दाबून धरलं.